कॅरिना शोधण्याआधी अर्गो समजून घे
प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इ.स. १५० च्या सुमारास नोंदवलेल्या ४८ तारकासमूहांत अर्गो हे एकच अवाढव्य जहाज होतं, ग्रीक पुराणकथेत सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसनचं. तेही अर्धंच, ग्रीकांनी त्याला पुढचा भाग दिलाच नाही! अठराव्या शतकात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकायने त्याचे कॅरिना (तळ), पपिस (मागची बाजू) आणि वेला (शिडं) असे भाग पाडले, पण ताऱ्यांना नाव देणारी ग्रीक अक्षरं (अल्फा, बीटा वगैरे) तिघांत मिळून एकदाच वापरली. त्यामुळे वेलात अल्फा, बीटा शोधत बसू नकोस. ते कॅरिनाकडे गेले. नवख्यांना हमखास नकाशाच चुकलाय असं वाटतं.

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या बरंच खाली, दक्षिणेला बघ. अगस्त्य दिसेल, तोच अल्फा कॅरिनी. महाराष्ट्रातून तो फार वर येत नाही, तेव्हा दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा निवड.