वडाच्या रोपाला तार बांधताना
भाऊ, पाइनचं बोन्साय (कुंडीतलं खुजं झाड) करून तारेने फांद्या वळवायच्या म्हणता, पण पाइनला आपला वैशाख झेपणं कठीण. हात बसेपर्यंत वडाच्या रोपावर शिका. अ‍ॅल्युमिनियमची तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची घ्या, म्हणजे 9 मिमी फांदीला 3 मिमी. आधी खोडाला दीड-दोन वेढे देऊन पकड घ्या, मग 45 अंशांत तिरके वेढे. फांदी जिथे वाकवता त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला तार यायलाच हवी, नाहीतर साल तिथेच फाटते. आदल्या दिवशी पाणी तोडा, फांदी लवते. खरी फसगत पावसाळ्यात. वड झपाट्याने फुगतो, काही आठवड्यांतच तार सालीत रुतते आणि तो पीळ वर्षानुवर्षं दिसतो. आठवड्याला नखाने चाचपत जा. काढताना उलगडू नका, कटरने वेढ्यागणिक तुकडे करा. तार वाचवायच्या नादात फांदीवरचे डोळे (कोंब) मोडतात.