‘दुधाचे दात आहेत, पडतील’ हे ऐकून थांबू नका

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात: मुलगी १६ महिन्यांची, वरच्या पटाशीच्या दोन दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे, एकावर तपकिरी ठिपका. बूस्टरला गेलात तेव्हा बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "दुधाचे आहेत, पडतील." जवळचे डेंटिस्ट म्हणाले, "खुर्चीत बसायला लागली की आणा." मग तीन वर्षांची होईपर्यंत थांबायचं का?

नाही. मी स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे आणि "पडतील" हे वाक्य मीही निम्मी कारकीर्द आयांना ऐकवलंय. आम्ही टॉर्च मारून घसा बघतो, टॉन्सिल्स बघतो, वरचा ओठ काही उचलत नाही. आणि तान्ह्या मुलांची कीड बहुतेकदा तिथेच सुरू होते. खालच्या दातांना जीभ झाकते, लाळ धुते, म्हणून ते टिकतात. रात्रीचं दूध साचतं ते वरच्यांवर.

एकदा तीन वर्षांचा एक मुलगा वजन वाढत नाही म्हणून माझ्याकडे येत होता. मी दोनदा टॉनिक बदललं (तेही साखरेचं सिरप!). तिसऱ्या खेपेला गाल सुजवून आला तेव्हा तोंड नीट उघडून पाहिलं. दाढेत पू होता. चावताना दुखायचं म्हणून पोरगं जेवतच नव्हतं. मागच्या दुधाच्या दाढा पडतात हे खरं, पण १०-१२ व्या वर्षी. तोवर त्यांच्यावरच जेवायचं असतं.

तुमच्या मुलीचा खडूसारखा पांढरा पट्टा म्हणजे दाताच्या कवचातून खनिजं निघू लागलीत, खड्डा अजून पडलेला नाही. इथे फ्लोराइड वार्निश, म्हणजे दाताचं कवच मजबूत करणारा लेप, लावतात: ब्रशने, दोन मिनिटांत, ना सुई ना ड्रिल. तपकिरी ठिपक्याखाली खड्डा निघाला तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे दातावर लावायचं द्रव औषध सुचवतील. त्याने कीड बहुधा थांबते, पण किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आजी डॉक्टरांचाच उद्धार करतील. लोहाचे थेंब चालू असतील तर त्यानेही दात काळपट दिसतात. ते डाग वरवरचे, साफ होतात. पांढरे पट्टे मात्र त्याने येत नाहीत.

डेंटिस्ट शोधताना बालदंतवैद्य बघा, म्हणजे पेडोडोंटिक्समध्ये (लहान मुलांच्या दातांच्या शाखेत) एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेले. खुर्चीची गरजच नसते. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. बाळ रडतं, आणि रडताना तोंड आपोआप उघडतं! पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी असं ही मंडळी सांगतात, तेव्हा तुम्ही लवकर नाही, थोड्या उशिराच जाताय.

तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मात्र मागून घ्या. "जमलं तर दात दाखवा" असं मी तोंडी सांगायचे तेव्हा क्वचितच कोणी जायचं. आता ९ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीलाच ओठ उचलून बघते आणि लिहून देते: कोणता दात, काय दिसलं, किती दिवसांत जायचं, कोणाकडे. माझ्या ओळखीच्या बालदंतवैद्य त्याच कागदामागे उत्तर लिहून पाठवतात. एवढ्यानेच फरक पडला.

खासगी खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीत चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झालेला) पथकं वर्षातून दोनदा तिथे तपासणीला येतात, त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे, आणि तिथून पुढे पाठवायची सोय असते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे.

तोवर घरी: तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, ब्रश मोठ्यांच्या हातात. ट्यूबवर १००० पीपीएम (हे फ्लोराइडचं प्रमाण) लिहिलंय का बघा; कार्टूनवाल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइडच नसतं. झोपेत दुधाची बाटली बंद, द्यायचीच तर पाण्याची. अंगावरचं दूध माझ्या सांगण्यावरून तोडू नका, फक्त रात्री झोपण्याआधी दात घासलेले असू द्या. वार्निश लावलं त्या रात्री मात्र घासायचे नाहीत, आणि तेवढा दिवस गरम, कडक खाणं टाळा.