शीटमधून मॉडेल घडवताना

नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या मिग-२१ या लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातील मॉडेल नुसत्या पॉलिस्टायरीन (प्लास्टिक) शीटमधून घडवण्याचा आपला मानस चांगला आहे. तरीही पहिल्या खेपेस किट (तयार सुट्या भागांचा संच) घ्यावे आणि कॉकपिट व चाकांच्या कप्प्यांची दारे तेवढी स्वतः करावीत, असे मला वाटते. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ७.२ सेंटिमीटर, त्यामुळे अर्धा मिलिमीटर जाडीचे दारसुद्धा विमानाचे न वाटता तिजोरीचे वाटते. त्याच्या कडा आतून घासून पातळ कराव्यात.

शीट आरपार कापू नये. पोलादी पट्टीच्या आधाराने हलक्या हाताने सुरीने दोन-तीनदा रेघ ओढून शीट वाकवली, की सरळ तुटते. जोडकामासाठी पातळ प्लास्टिक सिमेंट वापरावे, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. सुपरग्लू फक्त चिकटवतो. सांधा घासण्यापूर्वी एक दिवस थांबावे, अन्यथा मऊ प्लास्टिक नंतर आक्रसते आणि रंगावर खाच उमटते. ४०० पासून सुरुवात करून १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपर्यंत पाण्याने घासावे व राखाडी प्रायमर (रंगाआधीचा थर) मारावा. डोळ्यांना न दिसलेले ओरखडे तोच दाखवतो.

डिकल (विमानावरील चिन्हे-आकड्यांची पातळ चित्रे) चकचकीत थरावरच लावावेत. खरबरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. लॅकरचा मॅट (बिनचकाकीचा) थर शेवटी द्यावा, मात्र नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, म्हणून ते काम उघडीप पाहूनच करावे.