चतुर्थीला भाचे येताहेत, नदीवर सोडू का?

प्रश्न : डॉक्टरताई, चतुर्थीला पुण्याहून भाचे येणार आहेत. त्यांना म्हादईत राफ्टिंग करायचंय, शिवाय गावच्या बंधाऱ्यावर पोहायचंय. पाणी चांगलं आहे की नाही, कसं ओळखायचं?
— एक मामी, सत्तरी (गोवा)

उत्तर : मामी, डोळ्यांनी नाही ओळखता येत. आंघोळीच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू ५००च्या आत असावेत, २५००च्या वर मुळीच नकोत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. जिवाणू नितळ पाण्यातही असतात. म्हणून तुम्ही पाण्याकडे नाही, पावसाकडे बघा. मोठी सर आली की शोषखड्डे तुंबून वाहतात, गोठ्यातलं, गटारातलं सगळं ओहोळातून नदीला मिळतं. त्यानंतर दोन-तीन दिवस पोहणं बंद, पोरं कितीही रुसली तरी.

बंधाऱ्यावर तर पावसाळ्यात नकोच. वरून पाणी सांडत असलं की पायथ्याशी ते गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथे अडकतो.

राफ्टिंग पावसाच्याच पाण्यावर चालतं, तेव्हा गढूळ पाणी टळणार नाही. निघण्याआधी एकेकाचे पाय स्वतः बघा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, गुडघा सोललेला असेल, तर त्याला घरी ठेवा. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून आलेले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू अशाच जागेतून आत शिरतात. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट हवेत. खांद्यापाशी धरून वर ओढलं तर जॅकेट कानापर्यंत येता कामा नये. पाण्यात पडलंच कोणी, तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला. उथळ दिसलं तरी उभं राहायचं नाही. पाय दगडात अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं.

आणि खरी काळजी पोरं परत गेल्यावर घ्यायची. लेप्टोचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. अंग मोडून येतं, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात. पुण्याचे डॉक्टर पावसाळ्यात आधी डेंग्यूच तपासतील, म्हणून "गोव्यात नदीत उतरलो होतो" हे मुलांनी आपणहून सांगायला हवं. सुरुवातीलाच प्रतिजैविक मिळालं तर हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंडावर, यकृतावर जातो. नणंदेला हे आताच फोनवर सांगून ठेवा.