शुगरच्या गोळ्यांमुळे दिवस राहत नाहीत का? बंद करू का?

नाही ताई, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. तुम्ही लिहिलंय मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, पाळी पुढेमागे होते, खाली सारखी खाज येते, पुढच्या वर्षी बाळ हवंय आणि सासूबाई म्हणतात गोळ्या गरम पडतात. मी ऐरोलीची, मला शुगर आणि पीसीओडी (ओव्हरीचा हार्मोनचा त्रास) दोन्ही, त्यामुळे हे गरम पडणं मी समोरच्या काकूंपासून सगळ्यांकडून ऐकलंय 😄

मेटफॉर्मिनचं खरं तर उलटंय. पीसीओडीत बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग रक्तात इन्सुलिन वाढतं, त्याने ओव्हरी पुरुषी हार्मोन जास्त बनवते आणि अंडं वेळेवर सुटतच नाही, म्हणून पाळी लांबते. ही गोळी ते इन्सुलिन खाली आणते आणि कित्येकींची पाळी लायनीवर येते, माझी आली. त्यामुळे पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं धरून चालू नका हं. फक्त वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं, ते तपासा.

खाज बहुतेक दुसऱ्या गोळीची. डापा साखर लघवीवाटे बाहेर काढते, मग तिथे बुरशीची चंगळच. अंगावरून दह्यासारखं पांढरं जात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, शुगरचे डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत आणि आपण लाजतो, मग मेडिकलमधून क्रीम आणून महिनोन् महिने लावत बसतो. तशीही ती गरोदरपणात चालत नाही, चान्स घ्यायच्या आधीच बदलून घ्या.

आता खरा मुद्दा, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी. बाळाचे मुख्य अवयव पहिल्या ८ आठवड्यांत बनतात, मेंदू-मणक्याची नळी तर गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली, किट आणलं, अपॉइंटमेंट मिळाली, तोवर बरंच होऊन गेलेलं असतं. तेव्हा शुगर चढलेली असली तर गर्भपाताची आणि बाळात व्यंग राहण्याची भीती वाढते. म्हणून आधी एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या आत आणा (शुगर फार खाली न पाडता), १० च्या वर असेल तर थांबाच. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायचं, डोस डॉक्टरांना विचारा, शुगरवाल्यांना बरेचदा जास्त देतात. बीपीची रॅमिप्रिल किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू असेल तर तेही सांगा, बदलावं लागतं. डोळ्यांचा पडदा पण तपासून घ्या, गरोदरपणात तिथला त्रास वाढू शकतो.

इन्सुलिन सुरू करा म्हणाले तर रडू नका, ते वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

आणि हो, माझे शुगरचे डॉक्टर ठाण्याला नौपाड्यात, गायनॅक इथे ऐरोलीत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, ट्रान्सहार्बर लोकलने फाइल मीच फिरवते. तुम्हीही एकाच कागदावर सगळ्या गोळ्या लिहून दोघांना दाखवा.