हाच पार्ट गेलाय, कशावरून?

गाडी उभी असताना थरथरते, पिकअपही गेलाय. एका गॅरेजने प्लग बदलले, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. फरक शून्य. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

दोघांनी अंदाजाने काम केलं, तपासलं कुणीच नाही. तिसऱ्याला एवढंच विचारा, 'हाच पार्ट गेलाय, कशावरून?' 'स्कॅनर सांगतो' हे उत्तर अर्धवट आहे. स्कॅनर म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र. स्कॅनरवर पी०३०१ हा कोड आला तर पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, एवढंच कळतं. दोष प्लगचा, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा), हे कोड सांगत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर जाणता मेकॅनिक पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो, कोड पुसतो आणि गाडी चालवून बघतो. आता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा कोड आला, तर कॉइलच गेली. पी०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. पुढे प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन गेज. नवा पार्ट एकही लागला नाही! हे असं करून दाखवणारा भेटला, तर गॅरेज कितीही कळकट असो, गाडी तिथेच टाका.

नुसत्या तपासणीचे पैसे मागतात. ही लूट नाही का?

नाही. मला तर फुकट तपासणीचीच धास्ती वाटते; ते पैसे कुठल्यातरी पार्टमधून वसूल होतात. रक्कम आधी ठरवा. विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही आणि काढलेले पार्ट परत हवेत, हेही आधीच सांगा.

मेकॅनिकसमोर गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. काय करू?

गाड्यांची ही जुनी खोड! त्रास सकाळच्या पहिल्या स्टार्टला होत असेल, तर गाडी रात्रीच गॅरेजमध्ये सोडा, म्हणजे थंड इंजिन त्याच्या हाती लागेल. झटके बसताना मोबाईलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. आणि इंजिनचा दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान गाडी नोंदवून ठेवते. वायर काढली की बहुतेक वेळा ते सगळं पुसलं जातं, आणि मेकॅनिक पुन्हा अंधारात.

इंजिनचा दिवा लुकलुकतो, मग थांबतो. गॅरेज लांब आहे, चालवत नेऊ?

नको. दिवा स्थिर असेल तर सांभाळून नेता येते. लुकलुकतोय म्हणजे मिसिंग जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, आणि तो आतून वितळू शकतो. टो करून न्या.