वेगाचं कुत्रं आणि उसाचं रान : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लांब पायांच्या पळणाऱ्या कुत्र्यांवर लेख होता. त्यात इंग्लंडमधल्या लर्चरचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथं घेतले आहेत.

प्रश्न : भाचा इंग्लंडला असतो. त्याच्याकडे बियर्डेड कोली आणि ग्रेहाउंडच्या संकराचा लर्चर आहे. आमच्याकडे कारवान (आपल्याकडची लांब पायांची पळणारी जात) मादी आहे. तसं पिल्लू तिकडून मागवावं, की इथंच मादीला कोली नर लावावा? (कागल)

लर्चर ही जात नाही, तो कामासाठी केलेला संकर आहे. एका बाजूला नजरेनं हेरून पळणारं कुत्रं, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सलुकी. दुसऱ्या बाजूला राबणारं कुत्रं. बियर्डेड कोली हे स्कॉटलंडचं गुरं-मेंढरं हाकणारं कुत्रं. त्याचा नर खांद्याशी ५३ ते ५६ सेंमी भरतो, ग्रेहाउंडचा नर ७१ ते ७६. ग्रेहाउंडकडून धाव घ्यायची आणि कोलीकडून दम, चिवट कातडी, घट्ट पंजे आणि धन्याकडे कान ठेवण्याची सवय घ्यायची, असा हा हिशेब असतो. ग्रेहाउंड एकदा सुटला की त्याला पुढचं जनावर तेवढं दिसतं. कोलीचं रक्त असलेलं कुत्रं शीळ ऐकून वळण्याची शक्यता जास्त. त्यासाठी वेग थोडा कमी झालेला चालतो. निम्मा-निम्मा संकर फारच संथ वाटला, तर तो पुन्हा ग्रेहाउंडला लावून पाऊण ग्रेहाउंड, पाव कोली करतात. यासाठी कामाच्या घराण्यातला, आखूड आणि राठ केसांचा बियर्डेड वापरतात. प्रदर्शनात दिसणारा झुलत्या केसांचा नव्हे.

मागवू नका, असंच आम्ही सांगू. प्रजननासाठी किंवा विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर २०१६ पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. तो नियम बाजूला ठेवला तरी आपलं हवामान आडवं येतं. या कुत्र्याच्या अंगावर दोन थरांचे केस असतात. जूनपासून चार महिने ते नीट वाळत नाहीत, आतल्या थरात गाठी होतात आणि गाठीखालची कातडी चिघळते. पावसाळा सरला की गोखरू आणि कुसळं त्याच केसांत अडकतात.

मादीला कोली लावण्याबाबतही आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्या पिढीची पिल्लं बरीचशी एकसारखी येतात. पण ती आपसात लावली की एकाच वेतात एक पिल्लू कारवानच्या अंगाचं, एक कोलीसारखं, एक दोन्हीकडचे दोष घेऊन आलेलं, असं होतं. कारवान आपल्या माळाला, उन्हाला आणि भाकरीला पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे. शर्यतीच्या नादात त्यात ग्रेहाउंड मिसळून आधीच पुष्कळ नुकसान झालंय. तुमच्या मादीला चांगल्या पायांचा, शांत स्वभावाचा कारवान नरच बघा. केसाळच हवा असेल तर त्याच कुळातला पश्मी आहे. मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय लावू नका.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लर्चरकडून ससे धरतात, मग आपल्या रानात का नको? (पन्हाळा)

कारण ते ससे वेगळे. तिकडच्या बिळात राहणाऱ्या सशाला आणि आपल्या उघड्या रानातल्या सशाला मराठीत एकच शब्द आहे, त्यामुळं हा घोळ होतो. बिळातला ससा तिकडं पिकाचा शत्रू मानला जातो आणि जमीनमालकाच्या परवानगीनं त्याच्यामागं कुत्रं सोडता येतं. रानसशामागं कुत्री सोडायला इंग्लंडमध्येही २००४ च्या कायद्यानं बंदी आहे. बिळातला तो ससा भारतीय रानात नाहीच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जनावराचा कुत्र्यांनी पाठलाग करणं, हाका घालणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही येतं. ससा, भेकर, रानडुक्कर, कशामागंही कुत्रं सोडू नका. डुकरांनी ऊस-भुईमूग लोळवला असेल तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. धाव हवीच असेल तर दोरीला पांढरी प्लास्टिकची पिशवी बांधून ती चाकावर ओढत न्या. नजरेवर पळणारं कुत्रं तिच्यामागंही जीव तोडून पळतं.

प्रश्न : दीड वर्षाचा कारवान-ग्रेहाउंड संकर आहे. ऊस तुटून गेल्यावर रानात सोडला की दर वेळी काहीतरी फाटून येतं. कातडं फार नाजूक आहे का? (गडहिंग्लज)

कातडं पातळ आहे, त्याखाली चरबी नाही आणि वर केसांचं संरक्षण नाही, हे खरं. पण मुख्य दोष रानाचा आहे. कोयत्यानं तिरपा तुटलेला उसाचा बुडखा टोकदार असतो आणि वर पाचट पसरलेलं असल्यानं तो दिसत नाही. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पळणारं कुत्रं त्यावर आदळलं तर तो छातीत घुसतो. खोडव्यात आणि ज्वारीच्या धसकटात या कुत्र्याला कधीच मोकळं सोडू नये. गवताळ माळ, किंवा भुईमूग निघालेलं, कुळव फिरलेलं रान चांगलं. तेही आधी स्वतः चालून बघा. विहिरीचा कठडा, तारेचं कुंपण, उघडा पाइप कुठं आहे ते कळलं पाहिजे.

नेहमी होणाऱ्या दुखापती अशा : बोटांमधला पडदा चिरणं, पुढच्या पायाचं आतलं नख उखडणं, पंजाच्या गादीची साल निघणं आणि मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटणं. शेवटची ओळखायची खूण म्हणजे पळताना अचानक किंकाळी आणि मग मांडीच्या आत निळसर सूज. हे बहुधा अंग न तापवता सोडल्यानं होतं. आधी दहा मिनिटं पट्ट्यावर चालवा, मग दुडकं पळवा, मगच सोडा. पूर्ण ताकदीच्या दोन-तीन धावा झाल्या की बस्स, आणि मध्ये धाप पूर्ण बसू द्या. वर्षाच्या आतल्या पिल्लाला जोराची, वळणावळणाची धाव देऊ नये, त्याच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात.

कातडं फाटलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घाला आणि पिचकारीनं जखम धुवा. हळद, चुना, जळकं तेल काही भरू नका. ते काढताना डॉक्टरांना जखम पुन्हा खरवडावी लागते आणि टाके धरत नाहीत. लोंबणारं कातडं कापू नका. ओल्या स्वच्छ कापडानं जागेवर बसवून त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर टाके घालून घ्या. पायाला पट्टी बांधताना प्रत्येक बोटाच्या फटीत कापूस ठेवा आणि मधली दोन नखं उघडी सोडा. ती एकमेकांपासून फाकली तर आत सूज आहे, पट्टी लगेच सोडा. बुडख्याचा तुकडा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपसू नका. तसाच आधार देऊन दवाखान्यात न्या. उपसला की रक्त सुटतं, छातीत असेल तर फुफ्फुसही बसू शकतं.

प्रश्न : मेंढरांना जंताचं इंजेक्शन देताना उरलेलं कुत्र्यालाही टोचतात, गोचीड मरतात म्हणून. चालतं का? (शिरोळ)

नाही. ते औषध बहुधा आयव्हरमेक्टिन. बाटलीवर १ टक्का लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिलिटर दिलं तरी किलोमागं २०० मायक्रोग्रॅम पडतं. कोली कुळातल्या काही कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. औषध मेंदूत जाऊ न देणारा अडसर त्यांच्यात काम करत नाही. अशा कुत्र्यांना किलोमागं १०० मायक्रोग्रॅमच्या पुढं विषबाधा होऊ शकते. झोकांड्या, लाळ, विस्फारलेल्या बाहुल्या, आंधळेपण, थरथर आणि मग बेशुद्धी, असा क्रम असतो. यावर खास उतारा नाही. सलाइन लावून, ऊब देऊन कित्येक दिवस सांभाळावं लागतं. केसाळ, तोंडावर पांढरा पट्टा असलेलं संकर कुत्रं तुमच्याकडे असेल तर कोलीचं रक्त गृहीत धरा. जुलाब थांबवायची माणसांची लोपेरामाइडची गोळीही अशा कुत्र्याला घातक.

गोचिडांसाठी फ्ल्युरालानेर किंवा अफोक्सोलानेरची गोळी वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. पहिली साधारण १२ आठवडे पुरते, दुसरी महिनाभर. फेफऱ्याचा त्रास असेल तर आधी सांगा. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा बुजवल्याशिवाय मात्र गोचीड हटत नाहीत. कुत्रं मलूल आहे, हिरड्या फिक्या आहेत, नाकातून रक्त येतंय, अशी लक्षणं दिसली तर गोचीड-तापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करा.

रक्त तपासताना डॉक्टरांना ग्रेहाउंडचं रक्त आहे हे आवर्जून सांगा. या कुत्र्यांत तांबड्या पेशी मुळातच जास्त आणि प्लेटलेट कमी असतात. नाहीतर नसलेला आजार कागदावर दिसतो आणि तांबड्या पेशी कमी झालेल्या असूनही ‘नॉर्मल’ वाटतात. भूल देतानाही हेच. थायोपेंटोनसारखी औषधं त्यांच्या अंगातून फार हळू उतरतात.

प्रश्न : दूध-भाकरीवर अंग धरत नाही. काय घालावं? (हातकणंगले)

पंचवीस किलोच्या पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,४०० ते १,६०० कॅलरी लागतात. दूध-भाकरीत पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्या, ३०० ग्रॅम हाडाशिवाय शिजवलेलं चिकन, दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही, दोन चमचे तेल आणि अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा, एवढ्यात बरंच भागतं. दोन वेळा विभागून द्या. घरचा तांबडा-पांढरा रस्सा उरला म्हणून ओतू नका. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात रुततात.

छाती खोल असल्यानं पोटाला पीळ पडण्याचा धोका आहे. पळण्याआधी तीन तास आणि नंतर तासभर अन्न नको, पाणी मात्र थोडं थोडं द्या. पोट टम्म फुगलं, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी निघा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे या बांध्याला बरोबर आहे. पाठीचे मणके मोजता यायला लागले तर आधी विष्ठा तपासून जंत बघा, मग भाकरी वाढवा.